बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममध्ये फायटरला विझर्डची जोड कधी द्यावी?

तुमचा फायटर (लढवय्या) चौथ्या लेव्हलला आहे आणि आता दुसरा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, म्हणून विझर्ड (जादूगार) घ्यायचा मोह होतोय. एक लेव्हल थांबा, खरंच.

पाचव्या लेव्हलला फायटरला ‘एक्स्ट्रा अटॅक’ मिळतो, म्हणजे एका अ‍ॅक्शनमध्ये दोन वार. ही लेव्हल एकूण नाही, त्या क्लासची मोजतात. फायटर ४ आणि विझर्ड १ केलंत तर एकूण पाच होतात, पण तलवार एकदाच फिरते. समोर गॉब्लिनांची टोळी असताना हा फरक चांगलाच जाणवतो. तसंच चौथ्या लेव्हलच्या फीटचं, म्हणजे निवडून घ्यायच्या खास क्षमतेचं: तीन-तीन लेव्हलवर क्लास बदलत राहिलात तर एकही फीट मिळत नाही. एकूण मर्यादा १२ लेव्हलची, त्यामुळे उधळपट्टीला जागा कमी.

उलट दिशेने विचार केलात तर मात्र मजा आहे. पहिली लेव्हल फायटरची आणि पुढे सगळा विझर्ड! सुरुवातच फायटरने केली की जड चिलखत वापरता येतं आणि कॉन्स्टिट्यूशन सेव्हही (शरीराच्या चिवटपणावरची बचावाची फेक) पक्का होतो, त्यामुळे मार बसला तरी चालू मंत्र सहजासहजी तुटत नाही. फायटर नंतर घेतलात तर या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. किंमत एवढीच की फायरबॉल हा आगीचा मंत्र पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला येतो. मला हा सौदा फार आवडतो.

आणि चुकलंच तर कॅम्पमधलं विदर्स नावाचं पात्र १०० सोन्याच्या नाण्यांत क्लास आणि लेव्हल पहिल्यापासून बदलून देतं.