१३० की १५० मिलिमीटर? आधी तो एक लाख परत मागा

प्रश्न : वय ३९, नागपुरात मानेवाडा भागात राहतो. हातात पगार ५८ हजार. पत्नी घर सांभाळते, मुलगी आठवीत आहे आणि तिला आकाशाचं वेड आहे. चार महिने व्हिडिओ बघून दोन दुर्बिणी निवडल्या आहेत : १३० मिमी आरशाची, इक्वेटोरियल स्टँडवाली, २४ हजार, आणि १५० मिमीची डॉब्सोनियन, साडेतीस हजार. कोणती घ्यावी? नो-कॉस्ट ईएमआयवर घेणार आहे, कारण सध्या हात आखडता आहे. बँकेत एक लाखाची एफडी करायला गेलो होतो, तिथल्या मॅडमनी त्याहून चांगली स्कीम दिली. दहा वर्षं लाख-लाख भरायचे, विसाव्या वर्षी वीस लाख मिळणार. वर दहा लाखांचा विमा आणि टॅक्समध्ये सूट. १८ दिवसांपूर्वी कागद ईमेलवर आले.

उत्तर : साडेसहा हजारांच्या फरकासाठी चार महिने व्हिडिओ, आणि दहा लाखांची सही काउंटरवर उभ्या उभ्या! दुर्बिणी जरा बाजूला ठेवू. '१८ दिवस' हे वाचून मी उत्तर छापून यायची वाट पाहिली नाही, त्याच संध्याकाळी तुम्हाला ईमेल केला. इथे लिहितोय ते इतरांसाठी, आणि तुम्ही अजून विचारच करत बसला असाल तर तुमच्यासाठीही.

तुम्ही घेतली ती आयुर्विमा पॉलिसी आहे. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ईमेलवर आलेले कागदही यात धरले जातात. याला फ्री लुक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किंमत कापून बाकी रक्कम परत येते. अर्ज थेट विमा कंपनीला ईमेलने करा, बँकेला फक्त प्रत द्या आणि पोच घ्या. मॅडम म्हणतील, "सर, पुढच्या आठवड्यात या ना, मॅनेजरसाहेब सुटीवर आहेत." पुढच्या आठवड्यात तुमची मुदत संपत आलेली असेल, हे त्यांनाही ठाऊक असतं. कंपनीने टोलवाटोलवी केली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका. ३० दिवस उलटले की सरेंडर करावी, म्हणजे मुदतीआधी मोडावी लागते आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यात भरलेल्यातला मोठा भाग बुडतो.

का परत करायची? दहाचे वीस ऐकायला छान वाटतं. दामदुप्पट हा शब्द आपल्याकडे सावकाराला आवरण्यासाठी होता, आता तो ग्राहकाला भुलवायला वापरतात. तुमचा पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा, सरासरी साडेपंधरा. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्याने ७२ ला भागलं की वर्षाचा दर अंदाजे कळतो. ७२ ला साडेपंधराने भागा : परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. हेच दहा हप्ते पीपीएफमध्ये टाकून, पुढची पाच वर्षं खातं चालू राहण्यापुरते किमान पाचशे रुपये भरून, १५ वर्षांनंतर खातं पाच वर्षं वाढवून ठेवलंत, तर आजच्या ७.१ टक्के दराने विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाख होतात. दर बदलू शकतो, पण साडेनऊ लाखांची दरी त्याने बुजत नाही.

टॅक्सची सूट तर निव्वळ गंमत आहे. तुमच्या पगाराला नव्या करप्रणालीत करच लागत नाही, मग वाचवणार काय? शिवाय विम्याच्या हप्त्यावरची वजावट, पूर्वीची ८०सी, त्या प्रणालीत मिळतही नाही.

आणि विमा. देव न करो, पण उद्या काही झालं तर दहा लाखांत घर दोन वर्षं चालेल. मुलगी तेव्हा दहावीत असेल. एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला वर्षाला साधारण पंधरा ते वीस हजारांत पडतो. त्यातून शेवटी काहीच परत मिळत नाही. न मिळू दे! परत आलेल्या लाखातून आधी हा घ्या, निम्मी रक्कम अडीअडचणीला एफडीत ठेवा. ती एफडीच आहे ना, हे कागदावर वाचून मगच सही करा.

उरतात तीसेक हजार. बघा, दुर्बीण रोखीत बसली. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये कॉस्ट असतेच. प्रोसेसिंग फी, व्याजावरचा जीएसटी आणि रोखीची हुकलेली सवलत, अशी ती तीन खिशांत लपवलेली असते.

आता तुमचा प्रश्न. १५० मिमीचा आरसा १३० पेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त प्रकाश गोळा करतो. पण माझ्या मते खरा फरक स्टँडचा आहे. इक्वेटोरियल स्टँड ध्रुवाकडे रोखून, वजनं तोलून लावावा लागतो. या किमतीत तो डुगडुगतोही. माझ्याकडचा तसाच एक सहा वर्षं माळ्यावर आहे. डॉब्सोनियन जमिनीवर ठेवायची आणि हाताने वळवायची, आठवीतल्या मुलीला पाच मिनिटांत जमेल. म्हणून डॉब्सोनियन. मात्र ती सव्वा मीटर लांब आणि पंधराएक किलोची असते. दोन मजले चढून गच्चीवर रोज नेणार कोण, ते आधी ठरवा. '५२५ पट मोठं दिसेल' असं खोक्यावर छापलेली ७६ मिमीची दुर्बीण कुणी दाखवली तर त्याला नमस्कार करा. मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे दीडशेपट, यापलीकडे नुसता धूसर गोळा दिसतो.

आणि मे महिन्यात घेऊ नका. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नागपुरात ढग आणि दमट हवा, खोकं घरातच राहील. तोवर एक साधी १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर घ्या, तिच्यावर चंद्राची विवरं आणि गुरूचे उपग्रह ओळखता येतात. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात एक चक्कर होऊ द्या. २०२६ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला शनी आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो, रात्रभर दिसतो. त्याची कडी मार्च २०२५ मध्ये रेषेसारखी आडवी झाली होती, आता हळूहळू उघडतेय. शनी, चंद्र शहराच्या उजेडातही दिसतात. तेजोमेघ, दीर्घिका अशा अंधुक गोष्टी पाहायच्या तर पेंच व्याघ्र प्रकल्पाकडे जावं लागेल; जानेवारी २०२४ मध्ये ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. सव्वा मीटरची नळी मोटारसायकलवर जात नाही. गाडी कुणाची मागणार?