चार नकाशे, चार वेगळी मोजमापं

वाचकांचे प्रश्न: इस्रायल आणि पॅलेस्टाइन

पॅलेस्टाइनचे चार नकाशे शेजारी शेजारी मांडलेलं एक चित्र व्हॉट्सॲपवर सारखं येतं. १९४६, १९४७, १९४९ ते ६७ आणि आजचा. पॅलेस्टिनींचा हिरवा रंग आटत जातो, ज्यूंचा-इस्रायलचा पांढरा वाढत जातो. हे खरं आहे का? (सातारा)

प्रत्येक नकाशात तथ्य आहे, पण चारही नकाशे वेगवेगळी गोष्ट मोजतात. पहिल्यात मालकी दाखवली आहे. ज्यूंनी आणि त्यांच्या संस्थांनी विकत घेतलेली जमीन तेवढी पांढरी, आणि ती साधारण ६ ते ७ टक्के होती. उरलेलं सगळं हिरवं रंगवलंय, पण ती सगळी जमीन अरबांच्या नावावर नव्हती. दक्षिणेचं नेगेव वाळवंटच देशाच्या जवळपास निम्मं. त्यातला मोठा भाग सरकारी खात्यावर होता आणि त्यावर बेदुइन या भटक्या अरब टोळ्यांची गुरं चरत.

दुसरा नकाशा हा नुसता प्रस्ताव आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांत फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, १० देश तटस्थ राहिले. तो ठरावाप्रमाणे जमिनीवर कधी उतरलाच नाही. तिसरा नकाशा १९४८ च्या युद्धानंतर कोणाचं सैन्य कुठे थांबलं ते सांगतो. त्यातला हिरवा भागही पॅलेस्टिनींच्या हातात नव्हता. वेस्ट बँक (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा प्रदेश) जॉर्डनकडे होती, गाझा इजिप्तकडे. चौथ्यात १९९० च्या दशकातल्या इस्रायल-पॅलेस्टिनी ऑस्लो करारानंतर पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे त्यांच्या मर्यादित स्वशासनाकडे, आलेला कारभार दिसतो.

तुलना करायची तर एकच माप धरा. ताबा धरलात, तर १९४९ मध्ये इस्रायलकडे जुन्या ब्रिटिश पॅलेस्टाइनचा सुमारे ७८ टक्के भाग होता आणि जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धानंतर सगळाच. लोकसंख्या धरलीत, तर १९४७ मध्ये अरब सुमारे दोन तृतीयांश होते आणि फाळणीच्या आराखड्यात त्यांना निम्म्याहून कमी जमीन मिळत होती. ते ठराव का नाकारत होते, हे या एका तुलनेतून कळतं. युरोपातल्या संहारातून वाचलेल्या ज्यूंना त्याच ठरावात शेवटचा आसरा का दिसला, हेही त्याच्या जोडीला लक्षात ठेवलं पाहिजे.

नकाशांची जोडणी चुकीची आहे म्हणून घडलेलंच खोटं, असं म्हणणारेही भेटतात. ते अजिबात मान्य करता येणार नाही. १९४८ च्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी पळून गेले किंवा हाकलले गेले. चारशेहून अधिक गावं ओस पडली. त्यांना परतू दिलं गेलं नाही आणि १९५० च्या ‘गैरहजर मालक’ कायद्याने त्यांची घरं-शेतं इस्रायली सरकारी ताब्यात गेली. पुढच्या वर्षांत इराक, येमेन, इजिप्त, मोरोक्को अशा देशांतून लाखो ज्यूही घरदार सोडून निघाले. त्यांचीही मालमत्ता मागेच राहिली.

‘हिरवी रेषा’ ही इस्रायलची सरहद्द का? (पुणे)

नाही, ती युद्धविरामाची रेषा आहे. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी जेरुसलेममधल्या मुसरारा भागातल्या एका ओसाड घरात इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अत-तल बसले. समोर १:२०,००० प्रमाणाचा नकाशा होता. दायान यांनी आपली आघाडी हिरव्या मेणपेन्सिलीने काढली, अत-तल यांनी लाल पेन्सिलीने. पेन्सिली जाड होत्या, रेघ तीन-चार मिलिमीटरची उमटली. या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २० मीटर, म्हणजे रेघेची नुसती जाडीच ६० ते ८० मीटर. तिच्याखाली घरं आली, गल्ल्या आल्या. ती कोणाच्या हद्दीत यावरून पुढे वर्षानुवर्षं तंटे चालले.

३ एप्रिल १९४९ च्या जॉर्डनबरोबरच्या करारात ही आखणी शिरली. पुढच्या सरहद्दीच्या निर्णयाला या रेषेने बाध येणार नाही, असंही त्यात लिहून ठेवलं. बैत सफाफा गावाच्या मधूनच ती गेली आणि १९६७ पर्यंत एकाच गावचे नातेवाईक कुंपणाच्या दोन बाजूंना राहिले. आज बहुतेक देश वाटाघाटींची सुरुवात याच रेषेपासून धरतात, कारण दोन्ही बाजूंच्या सहीची दुसरी रेषा तिथे नाही.

वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहती ‘सरकारी जमिनीवर’ बांधल्यात म्हणतात. पॅलेस्टिनी सरकारच नव्हतं, तर सरकारी जमीन आली कुठून? (कोल्हापूर)

हा प्रश्न मुळाला हात घालतो. उत्तर १८५८ च्या उस्मानी तुर्कांच्या जमीन कायद्यात आहे. त्यात ‘मिरी’ नावाचा एक प्रकार आहे: मूळ मालकी राज्याची, वहिवाट शेतकऱ्याची. सलग दहा वर्षं कसलीत तर हक्क पक्का होतो, सबळ कारणाशिवाय सलग तीन वर्षं पडीक ठेवलीत तर तो जातो. सुलतानाला सारा हवा होता, म्हणून ही अट. शेतकऱ्यांनी मात्र कराच्या आणि सैन्यभरतीच्या धास्तीने नोंदणी टाळली. ब्रिटिशांनी मोजणी सुरू केली, जॉर्डनने ती पुढे नेली, पण १९६७ पर्यंत वेस्ट बँकेचा सुमारे एक तृतीयांश भागच नोंदला गेला होता. १९६८ मध्ये इस्रायली लष्करी आदेशाने ते काम थांबवलं. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा निर्णायक कागद त्यामुळे असंख्य घरांत नाही. आहेत त्या जुन्या करपावत्या.

१९७९ पर्यंत वसाहतींसाठी ‘लष्करी गरज’ सांगून खासगी जमीनही घेतली जाई. त्या वर्षी एलोन मोरे या वसाहतीच्या खटल्यात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाट अडवली. मग प्रशासन जुन्या तुर्की कायद्याकडे वळलं. हवाई छायाचित्रं पाहायची, निम्म्याहून कमी लागवड दिसली की तुकडा सरकारी जाहीर करायचा. हरकतीला ४५ दिवस, तीही लष्करी समितीपुढे, आणि पुराव्याचा भार शेतकऱ्यावर. डोंगरउतारावर गोची होते ती इथेच. जैतुनाच्या दोन ओळींमधला खडक नांगरता येत नाही, तिथे शेळ्या चरतात; वरून काढलेल्या फोटोत तो पडीकच दिसतो.

व्यापलेल्या प्रदेशात आपले नागरिक वसवू नयेत, असं चौथा जिनिव्हा करार सांगतो. त्याच्या आधारे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ आणि २०२४ मध्ये या वसाहती बेकायदा असल्याचं मत दिलं. इस्रायलला ते मान्य नाही. आमच्या मते न्यायालयाचं वाचन बरोबर आहे.

ए, बी, सी विभाग म्हणजे काय? (नागपूर)

१९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारातली वेस्ट बँकेची ही विभागणी. आजच्या हिशेबाने ‘ए’ सुमारे १८ टक्के: कारभार आणि पोलीस पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे. ‘बी’ सुमारे २२: कारभार प्राधिकरणाचा, सुरक्षेवर अंतिम अधिकार इस्रायलचा. ‘सी’ सुमारे ६०: सगळं इस्रायलकडे, जवळपास सगळ्या वसाहतीही यातच. ही सोय १९९९ पर्यंतचीच होती. मोठी शहरं ‘ए’मध्ये आहेत, पण त्यांना जोडणारे रस्ते बहुतेक ‘सी’मधून जातात, म्हणून शेजारच्या गावी जायलाही चौकी लागू शकते.

भारताने १९४७ मध्ये फाळणीच्या विरोधात मत दिलं होतं ना? (अलिबाग)

हो. पॅलेस्टाइनसाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यास समितीच्या ११ सदस्यांत भारतही होता. इराण आणि युगोस्लाव्हियासह भारताने एकाच संघराज्याची शिफारस केली होती. इस्रायलला मान्यता १९५० मध्ये दिली आणि पुढे मुंबईत त्यांची वाणिज्य वकिलात आली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जुळले. पॅलेस्टाइनला १९८८ मध्येच मान्यता दिली होती. तुमच्या भागातली पुष्कळ बेने इस्रायल (कोकणातल्या ज्यूंची) कुटुंबं दरम्यानच्या काळात इस्रायलला गेली.

दुनाम म्हणजे किती जमीन? (बार्शी)

१,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे. चार दुनामांचा ढोबळ एक एकर. पण हा मेट्रिक दुनाम ब्रिटिशांच्या काळातला. तुर्की कागदावरचा दुनाम सुमारे ९१९ चौरस मीटरचा, आणि तिथे क्षेत्रापेक्षा चतुःसीमेवर भिस्त असे: पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमक्याचे वारस. सारा कमी बसावा म्हणून क्षेत्रही कमीच लिहिलेलं असे. असा कागद आज पुढे आला, की चतुःसीमेत बसणारी जमीन आणि लिहिलेला आकडा जुळत नाही, आणि त्या फरकावरच दावा अडतो.