गुजरीतून घरी आलेली ती ठुशी

प्रिय बाळ,

तुझा मेसेज सकाळी बघितला, रात्री पावणेएकला टाकलायस म्हणजे झोपेचं काय झालंय ते कळलंच. भाचीच्या बारशाला चांदीचे वाळे घ्यायला गुजरीत, आपल्या कोल्हापूरच्या सराफ गल्लीत गेलीस, काउंटरला ही गर्दी, त्या पोरानं घाईघाईत पिशवी हातात दिली आणि घरी येऊन बघतेस तर वाळ्याच्या डबीखाली गुलाबी कागदाची अजून एक पुडी, त्यात सोन्याची ठुशी. बिलात फक्त वाळे. आठवडा उलटून गेला, दुकानाचा फोन नाही, आणि तू विचारतेस, "सर, मी मागितली नाही, उचलली नाही, चूक त्यांची आहे, मग ठेवली तर माझं नक्की काय चुकतंय?"

सरळ उत्तर देतो, ठेवू नकोस. पण नुसतं एवढं सांगून तुझं समाधान होणार नाही हे हिशेबाच्या टॅलीच्या क्लासपासून माहिताय मला, एन्ट्री का अशी आणि तशी का नाही हे कळेपर्यंत तू पुढं सरकायची नाहीस, आणि तेच बरोबर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, निवांत वाच.

आधी तू पाठवलेले दोन फोटो. मी ते मोठे करून बघितले. ठुशीला टॅग नाही. मागची दोरी नवी लालभडक आहे पण मणी बघ, गळ्याला घासून घासून जी एक गुळगुळीत चकाकी येते ती आलीय त्यांना, आणि फाशाजवळच्या पट्टीवर एक बारीक पुसट शिक्का आहे तो जुन्या पद्धतीचा, सराफाच्या नावाचा. शुद्धतेची बीआयएसची सरकारी खूण नाही, एचयूआयडी म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक नाही. आता तुला माहीत असेल, 1 एप्रिल 2023 पासून दुकानात हॉलमार्कचा दागिना विकायचा तर त्यावर सहा अक्षरं-आकड्यांचा एचयूआयडी लागतो. म्हणजे हा दुकानात विकायला ठेवलेला माल नसावा. माझ्या अंदाजानं ही कुणातरी बाईची वापरातली ठुशी आहे, दोरी झिजली म्हणून गाठवायला टाकलेली, पटवेकऱ्याकडून नवी दोरी घालून आली आणि गुलाबी कागदात बांधून काउंटरवर ठेवली, त्या गर्दीत तुझ्या पिशवीत गेली.

मी गुजरीत बरीच वर्षं सराफांचे हिशेब लिहिलेत म्हणून सांगतो, दुकानाचा फोन का आला नाही हे त्यामुळंच कळतं. दुकानाचा स्वतःचा माल रोज रात्री मोजतात, ट्रे-ट्रेनं, नग किती आणि वजन किती, आणि एक अंगठी जरी कमी आली तरी शटर अर्धं खाली ओढून सगळी पोरं थांबतात, जेवायला घरी जायची सोय नाही, मालक खुर्चीत आणि पोरं गाद्या उलटून बघतायत. ठुशी स्टॉकातली असती तर त्याच रात्री नऊ-साडेनऊला तुझा फोन वाजला असता, बिलावर नंबर आहे की तुझा. पण रिपेरीचा, गाठवायचा, पॉलिशचा माल त्या मोजणीत नसतो. त्याची वेगळी चिठ्ठी, वेगळा डबा, आणि बऱ्याच दुकानात त्या डब्याला गिऱ्हाईक पावती घेऊन आलं तरच हात लागतो. म्हणजे फोन आला नाही याचा अर्थ "त्यांना काय फरक पडत नाही" असा नाहीये बाळ. अजून कुणाला कळलंच नाहीये. ती बाई अजून आलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

आणि ती येणार. लग्नाच्या तारखा जवळ आल्या की गुजरीत ह्या पावत्या घेऊन बायकांची रांग लागते, कुणाला पुतण्याच्या हळदीला घालायची असते, कुणाला मुलीच्या गळ्यात बघायची असते. ती पावती पुढं करेल आणि डब्यात ठुशी नसेल. पुढं काय होतं ते मी बघितलंय म्हणून तुला एवढं पोटतिडकीनं लिहितोय. आधी सगळे म्हणतात "असेल की, शोधतो", मग म्हणतात "मावशी तुम्ही नेली असेल, आठवून बघा", मग तिचा आवाज चढतो, मग घरचा कोण तरी येतो. मालक शेवटी भरून देतो, बहुतेक देतोच, नाव जपायचं असतं. पण भरून देतो म्हणजे दुसरी ठुशी देतो. तिच्या सासूनं किंवा आईनं घातलेली ती ही नव्हे. आणि ते पैसे मालक स्वतःच्या खिशातून घालेल असं तुला वाटत असेल तर थांब जरा, तो सगळ्यात आधी विचारणार, त्या दिवशी काउंटरला कोण होतं.

तो पोरगा तू बघितलायस. तूच लिहिलंयस, "चांगला होता बिचारा, एकटाच चार गिऱ्हाईकं सांभाळत होता." सोनं आता तोळ्याला लाखाच्या पुढं गेलंय, त्याच्या पगारातून कापायला लागले तर किती महिने जातील तूच हिशेब कर, तुला आकडे येतात. आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे गुजरीत एकदा कुणावर संशय आला की ते तोंडातोंडी सगळ्या गल्लीत होतं, त्याला दुसऱ्या दुकानात पण कुणी काउंटरला उभं करत नाही. त्याला वाचवणारी एकच गोष्ट असते, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. पण ते काय कायमचं राहत नाही, काही दिवसांनी जुन्यावर नवीन चढत जातं. म्हणजे तू विचार करत घालवलेला एकेक दिवस त्याच्या बाजूचा पुरावा पुसत चाललाय. हे मी तुला घाबरवायला नाही सांगत, पण "बघू पुढच्या आठवड्यात" असं जे तू लिहिलंयस ना, ते वाक्य काढून टाक म्हणून सांगतोय.

समजा माझा अंदाज चुकला आणि ठुशी दुकानाचीच निघाली. तरी माझं उत्तर बदलत नाही. बाई मध्ये नसेल, पोरगा तर आहेच.

आता तुझा मुद्दा, चूक त्यांची. हो, त्यांचीच. पिशवी हातात घेतलीस तेव्हा तुझा काहीच दोष नव्हता. पण घरी पुडी उघडलीस, बिल बघितलंस आणि हे आपलं नाही हे तुला कळलं, तिथं त्यांची चूक संपली. तिथून पुढं ठुशी कपाटात ठेवायची का परत द्यायची हे तू ठरवतेयस, ते त्यांच्या खात्यावर टाकता येत नाही. कायदा पण नेमकं हेच म्हणतो. 1872 च्या करार कायद्याचं कलम 72 आहे, चुकून कुणाला पैसे दिले गेले किंवा वस्तू दिली गेली तर त्यानं ती परत करायची, बस एवढंच. आणि फौजदारीत भारतीय न्याय संहितेचं 314, पूर्वीचं आयपीसी 403, त्यात खाली उदाहरण दिलंय की एखाद्यानं दुसऱ्याची वस्तू आपली समजून चांगल्या मनानं नेली तर ती चोरी नाही, पण चूक कळल्यावर सुद्धा लबाडीनं ती स्वतःची करून टाकली तर मात्र गुन्हा. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं आणि वर दंड. तुझ्यावर केस होईल म्हणून परत कर असं माझं म्हणणं नाही, त्या भीतीनं केलेलं मला नकोय पण. मला एवढंच दाखवायचंय की "कळण्याआधी" आणि "कळल्यानंतर" हा फरक मी माझ्या मनानं काढलेला नाही.

ते रीलचं सांगतेस, "दुकानानं जास्तीचं पाठवलं तर ते तुमचं", ते अमेरिकेतलं आहे आणि तिथं पण ते न मागता घरी माल पाठवून मग पैसे मागणाऱ्या कंपन्यांना आळा घालायला केलेलं आहे. गुजरीतल्या पिशवीशी त्याचा संबंध नाही.

तुझा भाऊ म्हणतो सराफ तरी कुठं साव असतात, मजुरी लावतात, घट धरतात, मोडीला गेलं की वजन कमी दाखवतात. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, हिशेब लिहिताना सगळ्या तऱ्हेची दुकानं बघितलीत. पण फसवणूक झाली असेल तर दाद मागायला जागा आहे. बीआयएस केअर ॲपवर एचयूआयडी टाकून बघ, तिथंच तक्रार करता येते, वजनात मारलं असेल तर वैधमापनवाल्यांकडं जा, ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. बिल घेऊन समोरासमोर भांड, मी येतो सोबत. पण त्याच्या जुन्या लबाडीची वसुली एका तिसऱ्याच बाईच्या ठुशीतून करायची हे कुठल्या वहीत बसतं? शिवाय वाळ्याच्या व्यवहारात तर तुला त्यांनी काही फसवलेलं नाही, तू स्वतःच लिहिलंयस वजन बरोबर भरलं म्हणून.

कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना मावशी वर मूठभर कोथिंबीर टाकते ती तुझी, बिनधास्त घे, कारण तिनं बघून, मनानं टाकली. सराफानं ओळखीनं मजुरी सोडली तर ती पण तुझी. देणाऱ्याला आपण काय देतोय हे माहीत होतं का, एवढं बघ. ठुशी तुला कुणी दिलेलीच नाहीये, ती नुसती तुझ्याकडं आलीय.

आता तुझ्या आत्याचं. त्या म्हणतात शुक्रवारी आली, अंबाबाईनं दिलीय, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही, मी पण देवळासमोरनं जाताना चप्पल काढून हात जोडणारा माणूस आहे. पण अंबाबाई तुझी आई तशी त्या पोराची पण आई, आणि ती ठुशीवाली बाई पण कधीतरी ओटी भरायला तिथंच येत असणार. एकीच्या गळ्यातलं काढून दुसरीच्या पिशवीत घालणारी आई मी तरी ऐकलेली नाही. आणि अर्धे पैसे देवीला देऊ ही जी तडजोड घरात चाललीय ती तर मुळीच नको, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवल्यासारखं आहे ते.

खरी अडचण मला वेगळीच वाटते आणि ती तू शेवटच्या ओळीत लिहिलीयस. "आता इतक्या दिवसांनी गेले तर म्हणतील इतके दिवस का ठेवली, चोर समजतील." हे वाचून मला वाईट वाटलं कारण परत द्यायचं तुझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं, घरच्यांच्या बोलण्यात आठवडा गेला आणि आता त्या आठवड्याचीच लाज वाटायला लागली. लोक वाईट विचारानं जेवढं अडकतात त्यापेक्षा ह्या असल्या लाजेनं जास्त अडकतात, आणि जितकं लांबवशील तितकी ती वाढते. तर त्यावर उपाय म्हणजे कारण बनवून सांगायचं नाही. "पिशवी आजच उघडली" असं चुकून पण म्हणू नकोस. सरळ म्हण, "पुडी त्याच दिवशी दिसली, काय करायचं कळत नव्हतं म्हणून उशीर झाला, ही घ्या." एवढंच. पुढचं प्रश्न विचारणं त्यांच्यावर सोड. मालक जरा कडू बोलला तर ऐकून घे, आठवड्याचा उशीर तुझा आहे, तेवढं ऐकायची तयारी ठेव. पण हातात दागिना घेऊन आपणहून आलेल्या माणसाला चोर म्हणणारा सराफ मी तरी बघितलेला नाही.

द्यायची कशी ते नीट कर, यात भाबडेपणा नको. आधी बिलावरच्या नंबरला फोन करून मालक स्वतः कधी असतात ते विचार, कशासाठी ते फोनवर सांगू नकोस. काउंटरला गर्दीत कुणाच्या तरी हातात टेकवून यायचं नाही, परत तेच होईल. मालकाच्या समोर, कॅमेऱ्याखाली, काट्यावर वजन करायला लाव आणि त्यांच्या लेटरहेडवर पोच घे, तारीख, वजन आणि "बिल नंबर अमुकच्या पिशवीत चुकून गेलेली ठुशी परत मिळाली" एवढं लिहून सही-शिक्का. घरी निघायच्या आधी मोबाईलमध्ये दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेव. गुलाबी कागद फेकून दिला नसशील तर तो पण ने, कधीकधी आतल्या बाजूला पेन्सिलीनं पावती नंबर किंवा नाव लिहिलेलं असतं, त्यावरनं त्यांना लगेच सापडेल.

आणि एक, त्या पोराबद्दल मालकाशी दोन शब्द बोल. तो एकटा चार जणांना बघत होता हे तू डोळ्यानं बघितलंयस, ते सांग. तुझ्यासारख्या गिऱ्हाईकानं सांगितलेलं मालक ऐकतात, पोरानं सांगितलेलं ऐकत नाहीत. बक्षीस म्हणून काय देऊ केलं तर चहा घे, पैसे घेऊ नकोस, पण हे माझं मत, तुला वेगळं वाटलं तर मी काय म्हणणार नाही.

आत्या रागावतील. दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. त्यांना फोटोतले ते घासलेले मणी मोठे करून दाखव आणि विचार, तुमची बोरमाळ अशी कुणाच्या पिशवीत गेली असती तर. त्यांना कळेल, जुनं सोनं काय असतं हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहिताय.

उद्या जमत असेल तर उद्याच जा. सकाळी अकराच्या सुमारास गुजरीत गर्दी कमी असते, गाडी बिंदू चौकात लावून चालत ये. एकटीनं जायला नको वाटत असेल तर आज रात्री मेसेज टाक, मी भवानी मंडपापाशी येऊन थांबतो, दुकानात बोलायचं मात्र तू.

तुझा,
सर