जुन्या रेकॉर्ड घरी कशा स्वच्छ कराव्यात? स्पिरिट चालते का?

पावसाळ्यात बुरशी आलेल्या जुन्या रेकॉर्ड घरच्या घरी कशा स्वच्छ कराव्यात, स्पिरिटने पुसल्या तर चालेल का आणि त्यासाठी यंत्र विकत घ्यावे लागेल का, असे तुम्ही विचारले आहे. स्पिरिटचे उत्तर मी आधी देतो, कारण त्यावरून आमच्या घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही. ७८ फेऱ्यांच्या, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा फिरणाऱ्या जुन्या तबकडीला (रेकॉर्डला) स्पिरिट लावू नका. थोडेसुद्धा नको, आणि पाणी मिसळूनही नको.

आमचे घर फोंडा तालुक्यात आहे. आजोबांना नाट्यसंगीताचा आणि ख्यालगायकीचा नाद होता, आणि केरीच्या ख्यालगायिका केसरबाई केरकर यांची तबकडी तर ते स्वतःच ग्रामोफोनवर ठेवत, दुसऱ्या कोणाला तिला हात लावू देत नसत. ते गेल्यानंतर रेकॉर्डची पेटी माडीवर पडून राहिली, आणि गोव्याच्या पावसात बंद माडीवरच्या कागदाचे व पुठ्ठ्याचे काय होते हे तुम्हाला सांगायला नको. थोरले काका मुंबईला असतात, औषधांच्या व्यवसायात त्यांचे आयुष्य गेले. एका चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, ते घरी आले असता त्यांनी ती पेटी खाली काढली, सर्जिकल स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन ओसरीवर बसले आणि नेमकी केसरबाईंच्या तबकडीपासूनच सुरुवात केली. पहिला बोळा काळाकुट्ट निघाला, दुसराही तसाच निघाला. काका समाधानाने म्हणाले, "बघ, किती वर्षांची घाण साचली आहे." मी म्हटले, "काका, थांबा. ही घाण नव्हे, तबकडीच निघून येते आहे." त्यांना ते पटले नाही, आणि आपल्या वडिलांच्या वस्तूचे काय करावे हे पुतण्याने सांगावे, हे तर मुळीच रुचले नाही.

मी तबकडी त्यांच्या हातातून काढून घेतली. उजेडात तिरकी धरली तेव्हा कडेच्या खाचांवरची झिलई गेलेली दिसली आणि तिच्या जागी राखी रंगाचा निस्तेज पट्टा उमटला होता. संध्याकाळपर्यंत ते बोळे वाळून हाताला कडक लागू लागले, आणि चुरगाळले तेव्हा त्यांतून चकचकीत काळ्या खपल्या निघाल्या. धूळ किंवा बुरशी वाळल्यावर अशी घट्ट बसत नाही, भुगा होऊन पडते. त्या पट्ट्यावर सुई आली की गाण्यावर आजही फुसफुस ऐकू येते.

याचे कारण साधे आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी कालवून, तापवून ती साच्यात दाबलेली असते. लाख पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. देव्हाऱ्याला पॉलिश करणारे आमच्या वाड्यावरचे मेस्त, म्हणजे सुतार, चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालतात, त्यांचे सगळे काम लाखेच्या याच गुणावर चालते. काकांचे म्हणणे असे की इंजेक्शनची जागा स्पिरिटने पुसतात, टेपरेकॉर्डरचे हेडही पुसतात, मग तबकडीलाच काय होते? त्यांची दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण कातडी आणि धातू लाखेचे नसतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत आणि तेवढ्यात केसरबाईंना सगळा ख्याल मांडावा लागे. त्यातली काही सेकंदे पुसून टाकण्याचा अधिकार मुलालाही नाही आणि नातवालाही नाही.

आता तुमच्या रेकॉर्डविषयी. तबकडी जड, ताठ आणि पडली तर फुटेल अशी असेल व लेबलवर ७८ लिहिले असेल, तर ती लाखेची समजा. १९४८ नंतर आलेल्या एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्ड, व्हिनाईल या प्लास्टिकच्या असतात, त्या किंचित वाकतात. बुरशी आधी घराबाहेर, नाकातोंडावर फडके बांधून, मऊ कोरड्या ब्रशने झाडावी. मग डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे एक-दोन थेंब घालून, मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने गोल पुसावे. आडवे कधीही पुसू नये. एलपीसाठी त्या पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. लाखेची तबकडी भिजत ठेवू नये, ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी, आणि कोणत्याही तबकडीचे लेबल ओले होऊ देऊ नये.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि मग खरखर गेली नाही म्हणून तक्रार करतात. साबण खाचेत वाळला तर तोच सुईला लागतो, म्हणून नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा दुसरा, स्वच्छ हात फिरवलाच पाहिजे. माझ्या मते सगळ्या कामात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको, ते वाळल्यावर त्यातले क्षार खाचेतच राहतात. मग तबकडी सावलीत उभी करून वाळवावी आणि नव्या पाकिटात घालावी. बुरशी लागलेल्या जुन्या पाकिटात ती परत ठेवली, तर पुढच्या पावसाळ्यात हेच काम पुन्हा करावे लागेल. एलपीसाठी मऊ पीव्हीसीची पाकिटेही घेऊ नका, त्यांनी व्हिनाईलवर धुरकट थर येतो.

रेकॉर्ड धुण्याच्या यंत्राचा खरा फायदा एवढाच की ते घाण पाणी वाळण्याआधी खाचेतून ओढून घेते. रेकॉर्ड शेकड्यांनी असतील तर ते जरूर घ्यावे, पेटीभर असतील तर हाताने काम होते.

धुतल्यावर सगळीच खरखर जाईल असे मात्र धरून चालू नका. पोलादी सुईने झिजलेली खाच धुऊन भरत नाही. शिवाय एलपीची सुई ७८ वर वापरत असाल तर स्वच्छ तबकडीसुद्धा खरखरेल, कारण ७८ च्या सुईचे टोक साधारण चौपट रुंद असते आणि बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन तिथला कचराच वाजवते. आणि हाताने लिहिलेल्या लेबलाची, कडेला धातू दिसणारी तबकडी सापडली तर तिला पाणी, साबण, स्पिरिट यांतले काहीही लावू नका. ती ॲल्युमिनियमवर लॅकर या रोगणाचा लेप देऊन त्यावर थेट ध्वनिमुद्रित केलेली असते, तिची दुसरी प्रत सहसा नसते, आणि ती घरी पुसण्याची वस्तू नव्हे.