पाय सुजतात, धाप लागते

प्रश्न : वय २६. सातपूरच्या कारखान्यात दिवसभर उभ्याचं काम. हल्ली संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात, मोज्यांचे वळ उठतात. पांडवलेणीच्या पायऱ्या गप्पा मारत चढायचो, आता निम्म्यातच धाप लागते. ईसीजी नॉर्मल आलाय. आई म्हणते, उभं राहून होतं. खरं का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आईंचं निम्मं खरं. उभ्या कामाने पाय सुजतात. धाप त्याने लागत नाही. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर पाणी साठलंय. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस? मग मूत्रपिंडाचा संशय. लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. स्वस्तातली तपासणी, आणि नेमकी तीच राहून जाते. आडवं झाल्यावर दम कोंडतो, जास्तीची उशी लागते? मग हृदय. ईसीजीवर निर्धास्त राहू नका, झडपा आणि हृदयाची ताकद टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसते. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, हे मात्र आईंनाच विचारा. घसादुखीनंतरच्या अशा तापात झडपा खराब होतात आणि त्रास पुष्कळदा ऐन तरुणपणी सुरू होतो. हिमोग्लोबिन, थायरॉईड, यकृतही बघायचं. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका, त्यांनीही अंगात पाणी धरतं. शेजाऱ्यांची लघवीची गोळी तर नकोच.

या आठवड्यातच फिजिशियनला दाखवा. एकच पाय सुजून दुखला, छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर थेट १०८.