घेवड्याला भुंगा का लागत नाही?

प्रश्न : आमच्या एकाच खोलीत हरभऱ्याचे आणि वाघ्या घेवड्याचे पोते शेजारी शेजारी होते. श्रावणापर्यंत हरभरा भोके पडून पोखरला, घेवडा मात्र शाबूत राहिला. घेवड्यात असे काय असते? त्याचे पीठ हरभऱ्यात मिसळल्यास भुंगा टळेल का?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : कडधान्यातील भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडे चिकटवते, त्यातून निघालेली अळी साल पोखरून थेट आत शिरते आणि भुंगेरा होईपर्यंत त्याच दाण्यात राहते. तिचे मुख्य अन्न दाण्यातील पिष्ट (स्टार्च) असून ते पचवण्यासाठी तिच्या आतड्यात अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. घेवड्यातील एक प्रथिन नेमके या विकराला जखडून ठेवते, त्यामुळे पिष्ट पोटात जाऊनही पचत नाही आणि अळी भरल्या पोटी उपाशी मरते. हे प्रथिन तयार करणारे जनुक वाटाण्यात घातल्यावर वाटाणाही भुंगेऱ्याला दाद देईनासा झाला, असे १९९४ मध्ये दाखवून देण्यात आले. अर्थात हे कुलूप प्रत्येक किडीला लागत नाही. मूळचा अमेरिका खंडातील घेवड्याचा भुंगेरा हाच दाणा सुखाने खातो, कारण त्याचे अमायलेज या प्रथिनाच्या पकडीत सापडत नाही.

पीठ मिसळण्याची कल्पना सुचणे स्वाभाविक आहे, पण अळी बाहेरचे पीठ खातच नाही. दाण्याच्या आत तिला निव्वळ हरभराच मिळतो. त्यापेक्षा हरभरा कडक उन्हात वाळवून त्याला खाद्यतेलाचा हात लावावा, म्हणजे सालीवरची अंडी मरतात. आपल्या आज्या हेच करत असत.

शेतात हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचे गणित निराळे आहे. तिच्या अल्कधर्मी आतड्यात प्रथिने पचवणारी ट्रिप्सिनसारखी विकरे काम करतात आणि हरभऱ्यात त्यांना रोखणारी प्रथिने असतातही. मात्र अळीची विकरे त्या प्रथिनांचेच तुकडे करतात, असे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. म्हणून ही अळी एरवी खात नसलेल्या वनस्पतींमधील रोधक प्रथिने तिच्यावर अधिक परिणामकारक ठरतात का, याचा शोध तेथे पुढे घेतला गेला.

घेवड्यातील हे प्रथिन माणसाच्या अमायलेजलाही अडवते. घेवडा भिजवून पूर्ण शिजवल्यावर त्याचा जोर जातो. कच्चे पीठ मात्र खाण्यात येऊ देऊ नये.