हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलं वर्षभरात काम का सोडतात?

तुमची मुलगी कुडाळहून बारावी झाली, तिला हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय. पण ओळखीतली दोन मुलं डिग्री घेऊन वर्षाच्या आत हॉटेल सोडून घरी आली, तर खोट मुलांत आहे की शिक्षणात, असं तुम्ही विचारलंय. मी आधी मुंबईत हॉटेलांच्या किचनमध्ये होतो, आता बरीच वर्षं फूड प्रोडक्शन, म्हणजे किचनचा विषय, शिकवतो. माझ्या मते खोट बरीचशी शिक्षणात आहे, आणि ती ट्रेनिंगच्या सेमिस्टरमध्ये सगळ्यात जास्त उघडी पडते.

या सेमिस्टरला मुलं कॉलेज सोडून हॉटेलात राबतात. किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस ही चारही खाती त्यांना फिरून शिकायला मिळावीत, ही अपेक्षा. पण हॉटेलात माणसं कमी असतात आणि ट्रेनी स्वस्तात मिळतो, म्हणून जिथे गरज तिथे त्याला उभा करतात. माझ्या एका विद्यार्थ्याचे किचनमधले बहुतेक दिवस लसूण सोलण्यात आणि बँक्वेटला बुफेची भांडी भरण्यात गेले. लॉगबुकात मात्र सूप, सॉस, बुचरी, बेकरी, सगळ्यांपुढे सह्या होत्या. परत आल्यावर मी त्याच्यासमोर अख्खी कोंबडी ठेवली आणि तुकडे करायला सांगितलं, तर पहिली सुरी कुठे घालायची हेच त्याला कळेना. त्या पोराला मी काय बोलणार? न शिकवता सही करणारा शेफ आणि ती सही बघून गुण देणारं कॉलेज, दोघांनी मिळून त्याचे ते महिने वाया घालवले होते.

कॉलेजातलं प्रॅक्टिकलही पैशापाशी अडतं. हॉलंडेज सॉस घ्या. अंड्याचा बलक गरम पाण्याच्या वाफेवर घोटत त्यात वितळलेलं लोणी धारेने सोडायचं. आच जरा वाढली की सॉस फाटतो, आणि फाटताना तो कसा दिसतो हे ज्याच्या हातात विस्क आहे त्यालाच समजतं. लोणी महाग म्हणून इंडेंट, म्हणजे प्रॅक्टिकलसाठी मागवायच्या सामानाची यादी, कापली जाते, एका बर्नरभोवती सहा जण उभे राहतात, घोटतो एक आणि बाकीचे वहीत उतरवतात. फी तर सहाही जणांनी पूर्ण भरलेली असते.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात 1954 साली मुंबईत झाली, लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने, महिलांच्या अन्न परिषदेतर्फे. म्हणजे मुळाशी देशाच्या अन्नाचा प्रश्न होता. पुढे अभ्यासक्रमाचा ओढा पंचतारांकित हॉटेलांकडे आणि फ्रेंच किचनकडे गेला. ते शिकायलाच हवं, माझी तक्रार नाही. पण तुमचा सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली-देवबागला घरोघरी निवास-न्याहारी चालते, आणि तिथे लागणारं शिक्षण मी शिकवलेल्या अभ्यासक्रमात जवळजवळ नव्हतंच. कॉस्टिंगच्या तासाला आम्ही छापील दराने पदार्थाची किंमत काढायला लावतो. मालवणात सुरमईचा भाव रोज बदलतो, जून-जुलैत मासेमारी बंद असते, आणि थाळीचा दर तर बोर्डावर आधीच लिहिलेला. तो दर कसा ठरवायचा, मे महिन्यात विहिरीचं पाणी आटत असताना किती खोल्यांचं बुकिंग घ्यायचं, हे मुलांना शिकवलं असतं तर त्यातली काही आपापल्या गावी उभी राहिली असती. आज ती शहरात ब्रेक शिफ्ट करतात, सकाळी चार तास, संध्याकाळी चार-पाच तास, आणि पगारातून खोलीचं भाडंही धड सुटत नाही. मग कोणी क्रूझच्या बोटीवर नोकरीला जातं, कोणी बँकेच्या परीक्षा देतं. तुमच्या ओळखीतल्या त्या दोघांना आळशी म्हणू नका.

इंग्रजीची भीतीही खूप मोठी असते. मराठी माध्यमातून आलेली, घरी पन्नास पानांचा स्वयंपाक लीलया उरकणारी मुलगी तोंडी परीक्षेत गप्प बसते. तिला पहिल्या सहा महिन्यांत रोज तासभर बोलायला लावलं तर ती सुटते, हे मी पाहिलंय. बहुतेक ठिकाणी त्यासाठी माणूसच नेमलेला नसतो.

तरी मुलीला मनापासून आवड असेल तर पाठवा. केंद्राच्या हॉटेल मॅनेजमेंटसाठीच्या राष्ट्रीय परिषदेशी संलग्न सरकारी संस्था, म्हणजे दादर किंवा गोव्यातलं पर्वरी, आधी बघा. खासगी कॉलेज बघायला गेलात तर ऑफिसातल्या माहितीपत्रकावर जाऊ नका. प्रॅक्टिकल चालू असताना किचनमध्ये डोकवा आणि एका बर्नरला किती मुलं आहेत ते मोजा. मग शेवटच्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा: ट्रेनिंगमध्ये चारांपैकी किती खात्यांत प्रत्यक्ष काम केलं, कॉलेजचे सर मधे एकदा तरी बघायला आले का, आणि रात्रीची शिफ्ट सुटल्यावर हॉटेलची गाडी सोडायला यायची का.